निराळी टाकी

सकाळी काचनळ्यांचा पहिला ट्रे वाळत घालून धुणाऱ्या मावशी टाक्यांच्या खोलीत आल्या आणि दारातच थबकल्या. खिडकीखालच्या जुन्या टाकीची मान बर्फानं पांढरीफटक पडली होती.

जीवशास्त्राच्या त्या केंद्रात यंत्रं, पुस्तकं, टाक्या सगळं सामाईक. पण मावशींची लेक तिथे संशोधक म्हणून लागली, तेव्हा ‘सामाईक’ म्हणजे कुणाकुणाचं, हे न बोलताच ठरलं. धुणाऱ्यांच्या घरची म्हणून तिचं स्टूल दाराशी आणि तिच्या संशोधनाच्या गोठवलेल्या पेशी या जुन्या टाकीत. वाकडा शब्द मात्र कुणी काढला नव्हता. सगळे कसे हसून बोलत!

“साहेब, टाकीला घाम आलाय,” मावशी म्हणाल्या.

केंद्रप्रमुखांना पाठीमागे सगळे कुलूपराव म्हणत. ते हसले. “म्हणून तुम्हाला कशाला घाम फुटतोय, मावशी?”

“बावीस वर्षं बघतेय. मान पांढरी पडली की पेशी गोठवून ठेवणारा आतला पातळ नायट्रोजन उडून चाललेला असतो.”

“घ्या! आता धुणंघर शिकवणार आम्हाला!”

लेक धावत आली. तिनं टाकीत काठी घालून बाहेर काढली. काठीवर बर्फाची खूण जेमतेम चार बोटं, म्हणजे नायट्रोजन तेवढाच उरलेला. आत चाळीस आजारी बाळांच्या रक्तातून वाढवलेल्या पेशी होत्या, तीन वर्षांचं काम. त्यांतली काही बाळं आता या जगात नव्हती.

“सर, मोठ्या टाकीत दोन कप्पे रिकामे आहेत. आत्ता ठेवू द्या ना.”

“माझं काही नाही गं. पण लोकांना चालत नाही. दुपारच्या बैठकीत विचारतो.”

लेकीनं आईकडे पाहिलं. आणि मावशींनी, आयुष्यभराच्या सवयीनं, मान हलवली : थांब.

बैठक लांबली. लेकीचा विषय सर्वांत शेवटी आला. सगळे खोलीत आले तेव्हा टाकीच्या तळाशी बोटभर ओल उरली होती. वरच्या डब्यांतल्या पेशी वितळून मेल्या होत्या. तळातला एकच डबा वाचला होता.

“अरेरे,” कुलूपराव हळहळले. खरंच हळहळले. “असं करू, तिच्यासाठी नवी टाकी मागवू. वेगळी. चांगल्यातली.”

मावशींच्या मनात आलं : ‘थांब’ आपणच म्हणालो. देवानं डोळे दिले, खूण दाखवली, आणि आपण साहेबाच्या तोंडाकडे बघत बसलो.

“वेगळी नको,” त्या म्हणाल्या.

त्यांनी जाड हातमोजे चढवले, मोठ्या टाकीचं झाकण उचललं. पांढरा धूर फरशीवर उतरला.

“दे गं तो डबा.”

“आई...”

“दे म्हणते ना!”

डबा रिकाम्या कप्प्यात बसला. झाकण लागलं. खोलीत अकरा जण होते. अडवायला कुणी पुढे आलं नाही. मावशींनी एकेकाच्या तोंडाकडे निरखून पाहिलं.

“साहेब,” त्यांनी विचारलं, “ज्यांना चालत नाही म्हणत होता, ते लोक यांतले कोणते?”