त्यात गळ असतो

"सर, लालूच दाखवणं याले इंग्रजीत किती शब्द हायेत?"

उज्ज्वलाने विचारले आणि किसनरावांचा चेहरा खुलला. नेरच्या शाळेतून निवृत्त झाल्यापासून असा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता.

"पुष्कळ आहेत. टेम्प्ट म्हणजे मोह पाडणं. तो आपल्याच मनात उठतो. एंटाइस म्हणजे काही चांगलं दाखवून बोलावणं. शेजारून भज्यांचा वास यावा तसं. गेलो तर भजी मिळूही शकतात. लुअर मात्र वाईट. माशाला आमिष दाखवतात तसं. त्यात गळ असतो."

"अन् हा सिड्यूस?" तिने पुस्तकावर बोट ठेवले.

किसनराव चष्मा पुसू लागले. "तो... परीक्षेत येत नाही."

"लाजले ना सर!"

उज्ज्वला गावातल्या एका दवाखान्यात मदतनीस होती. काम संपले की रोज संध्याकाळी शिकायला येई. पत्नी गेल्यापासून किसनरावांच्या घरात बोलण्याचा आवाज होई तो तेवढाच.

मग तिने मनातली गोष्ट काढली. तिची मैत्रीण वैष्णवी पुण्याच्या वृद्धाश्रमात लागली होती. तिथे आणखी एक जागा होती. दुप्पट पगार, राहणे-जेवण फुकट, शिवाय नर्सिंगचा कोर्स करून देणार होते.

"माय म्हनते, जाय. पन इतकं कोन फुकट देते सर? याले कोनता शब्द लागते?"

वैष्णवी त्यांचीच विद्यार्थिनी. ती खोटे बोलणारी नाही, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी दाराकडे पाहिले. बाहेर अंधारून येत होते. ही गेली, की उद्या या वेळी दिवा लावायचा आणि एकट्याने वाचत बसायचे.

"लुअर," ते म्हणाले.

उज्ज्वला पुण्याला गेली नाही.

दिवाळीनंतर किसनराव पेपर घ्यायला बसस्टँडवर गेले, तेव्हा सणाला आलेली वैष्णवी परत पुण्याला निघाली होती. उज्ज्वला तिला सोडायला आली होती. सरांना पाहून वैष्णवीने खिडकीतून हाक मारली.

"सर, हिले विचारा ना! माहा कोर्स चालू झाला. आश्रमाच्या मॅडमनं हिच्यासाठी किती दिवस जागा ठेवली, शेवटी दुसरीले देली. काहून आली नाही, सांगतच नाही."

बस सुटली. उज्ज्वला ती वळेपर्यंत हात हलवत राहिली.

"उज्ज्वला," किसनराव म्हणाले. "तो शब्द मी चुकीचा सांगितला. माहीत असून. तू गेली असतीस तर संध्याकाळी..."

ती रिकाम्या फलाटाकडे पाहत म्हणाली,

"तुमी नुसतं 'जाऊ नको' म्हनलं असतं ना सर, तं थांबली असती का नाही, मले मालूम नाही. पन थांबली असती तं कोनासाठी थांबली, थे तरी समजलं असतं."

किसनरावांच्या हातातला पेपर खाली पडला होता. त्यांच्या ते ध्यानातही आले नाही. उज्ज्वलाने तो उचलला, ओढणीने धूळ पुसली, नीट घडी घालून त्यांच्या हातात दिला.

"चालते मी. ड्युटी हाये," ती म्हणाली आणि दवाखान्याच्या रस्त्याला लागली.