तीन ठोक्यांची जागा

निजे डोंगरी ऊन, छाया नदीला...

आईचा तो आवाज रकियाच्या कानात अजून होता. दगडावर तेलाच्या अर्गन झाडाची टणक बी ठेवायची, वरून दुसरा दगड हाणायचा, आणि ठोक्यागणिक एकेक अक्षर सोडायचं. दुसरी ओळ मात्र दर वेळी अर्ध्यावर थांबायची. 'तुला पाठिशी बांधते मी', आणि पुढं काहीच नाही. हातातला दगड वरच्या वर तरंगत राहायचा. मग पुन्हा डोंगर, पुन्हा ऊन.

उद्या रकियाच्या लेकीचा सातवा दिवस. नाव ठेवायचं, आणि त्याआधी बाळाच्या आईकडच्या आजीचं गाणं म्हणायचं, ही त्यांच्या गावाची रीत. ती आजी, म्हणजे रकियाची आई, राहिली नव्हती; गाणं तेवढं मागं राहिलं होतं, आणि तेही लंगडं. असलं गाणं लेकराच्या पायांत उतरतं म्हणतात.

ऊन कलत आलं होतं. अंगणात केल्ला मावशी, आईची धाकटी बहीण, बिया फोडत बसली होती. बाळ रकियाच्या मांडीवर, झोपेच्या काठाशी.

रकियानं ओळींमधले शब्द काढून टाकले आणि इथल्या बायका गाणं पारखतात तसं नुसत्या पोकळ बोलांवर ते तोललं. ल लाय लाय, ल लाय लाय, ल लाय लाय, ल लाय लाय. पहिली ओळ काठोकाठ भरली. दुसरीतला शेवटचा बोल अधांतरी राहिला.

"मावशी, इथं एक घास कमी पडतोय गं."

"पडू दे. बाळंतिणीला दुसरे उद्योग नाहीत वाटतं."

"यमकसुद्धा ठरलेलं आहे बघ. वर 'नदीला', म्हणजे खालीही तसंच काहीतरी हवं." ती गुणगुणली, "तुला पाठिशी बांधते मी घडीला. बसलं की."

"बसलं. दुसऱ्याच्या गाढवाचं खोगीर बसतं तसं. म्हणे घडीला! घडीभरासाठी का कुणी लेकरू पाठीला बांधतं..."

बी दगडावरून घरंगळली, मावशीनं ती उचलली नाही.

"आई शब्द विसरली असेल," रकिया हळूच म्हणाली.

"कोण, ती? लग्नातल्या गाण्यांच्या सवाल-जवाबात समोरच्या पुरुषांची ओळ तोकडी पडली, तर गाता गाता भुवई चढवायची ती. आणि स्वतःचं विसरेल?"

"मग?"

मावशीनं ओढणीनं हात पुसले. "तुझ्याआधी एक होती. सहाव्या दिवशी, दिवेलागणीला गेली. सातवा उजाडल्याशिवाय नाव तोंडातून काढायचं नसतं. ओळीच्या शेवटी तिचं नाव यायचं होतं; मग ती जागा कशानं भरणार? तू झालीस तेव्हा मी म्हटलं, आता भर. तर म्हणाली, ती जागा तिची आहे, राहू दे."

डोंगरावरचं ऊन खरंच निजायला निघालं होतं. रकियाला वाटलं, इतकी वर्षं आईचा दगड हवेत थांबायचा तेव्हा त्याच्याखाली कुणीतरी निजलेलं असायचं.

"पण नाव ठरलं होतं ना?"

"माझ्या कानात सांगितलं होतं. मी कधी उच्चारलं नाही."

बाळाला थोपटत रकिया गायला लागली. पहिली ओळ, मग दुसरी. आणि आई थांबायची तिथंच थांबली. ठिगळ लावलं नाही.

मावशीनं दगड उचलला. तीन ठोके पडले, आणि त्यांच्याबरोबर तिचा आवाज.

"ति-ली-ला."