अस्वलाला उपाशी ठेवणारी पेटी

मी एकतीस नंबरच्या तंबूजागेवरची लोखंडी पेटी बोलतेय. कॅलिफोर्नियाच्या डोंगरातल्या सरकारी उद्यानात, उंच झाडांखाली मी बावीस वर्षं बसून आहे. माणसांचं खाणं अस्वलांपासून सांभाळायचं, एवढंच माझं काम.

कारखान्यात मला तपकिरी रंग दिला आणि इथं आणून सिमेंटमध्ये पक्कं केलं. माझी कडी खाचेत आहे. माणसाची बोटं आत जातात, अस्वलाचा पंजा जात नाही. ती कशी उघडायची ते दारावर चित्रासकट लिहिलंय. तरी निम्मी माणसं माझ्याशी झटापट करून शेवटी रेंजर नडीनबाईंना बोलावतात.

यंदा जुलैत हॅस्केट नवराबायको, गॉर्डन आणि फिलिस, आले, दोघं साठीतले. गॉर्डननं बेकन, सॉसेजं, बीन्सचे सीलबंद डबेसुद्धा माझ्यात कोंबले.

"टूथपेस्ट राहिली," फिलिस म्हणाली.

"टूथपेस्ट काय खातात का?"

"तू नाही खात. अस्वलांचं मला माहीत नाही."

टूथपेस्ट तंबूतच राहिली. दोघं तळ्यावर पोहायला गेले.

भर दुपारी सेहेचाळीस आलं. तीन वर्षांचं अस्वल, कानात त्या आकड्याचा पिवळा बिल्ला. आधी दोनदा त्यानं तंबू फोडलेत. तिसऱ्यांदा फोडला की गोळी, असा नियम फाटकावरच लिहिलाय, आणि गोळी घालायचं काम नडीनबाईंचं. मला ओरडता आलं असतं तर ओरडले असते. त्यानं तंबू उभा फाडला, पुदिन्याची अख्खी ट्यूब खाल्ली आणि शिंकत निघून गेलं.

संध्याकाळी नडीनबाई वही घेऊन आल्या. "कोणी फाडला?"

हॅस्केटांनी एकमेकांकडे पाहिलं. "आमच्या कुत्र्यानं," फिलिस म्हणाली.

"कुठाय तो?"

"फिरायला गेलाय."

"एकटाच?"

"शहाणा आहे."

"नाव काय त्याचं?"

दोघांनी एकदम दोन नावं सांगितली. नडीनबाईंनी दोन्ही लिहून घेतली. मग वही मिटली.

"तुमचा कुत्रा पिल्लू होता तेव्हापासून मी त्याला ओळखते," त्या म्हणाल्या. "पुढच्या वेळी मला असं लिहिता येणार नाही."

गॉर्डननं साबण, मलम, फिलिसचं क्रीम, खोकल्याच्या गोळ्या, सगळं आणून माझ्यात ठेवलं.

दुसऱ्या दुपारी सेहेचाळीस परत आलं. तंबूत कसलाच वास नव्हता, म्हणून माझ्याकडे वळलं. कडी चाटली, दार ढकललं, रंगावर चार ओरखडे काढले. शेवटी माझ्याच सावलीत फतकल मारून बसलं आणि थोड्या वेळानं वर डोंगरात रानफळं शोधायला गेलं.

आता माझी बिजागरं कुरकुरतात. पुढच्या वर्षी मला बदलणार म्हणतात. तोवर कोणी इथं राहायला आलात तर एकच मागणं आहे, कडी नीट लावत जा. माझा त्या अस्वलावर जीव आहे. ते माझ्यावर चिडून उपाशी परत जातं, तेव्हाच मला बरं वाटतं.