रजईतली सुई

धाड गावच्या बाजारातल्या गुलाम रसूल गादीवाल्याची मुलगी चिनी शिकते, हे ऐकून लोकांनी आधी पोटभर हसून घेतलं. महेजबीनने कुणाला भीक घातली नाही. चिनी यंत्रं आणणाऱ्या कारखान्यांना दुभाषे लागतात, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं.

चिनी वाक्प्रचार बहुतेक चार अक्षरांचे. संध्याकाळी ती दुकानात बसून ते घोकायची आणि अर्थ आधी अब्बांना ओळखायला लावायची. अब्बा सगळे अर्थ गादीतूनच काढत. ‘सापाचं चित्र काढून त्याला पाय जोडणे’ हे ऐकून ते म्हणाले, गादी झाल्यावर वर आणखी टाके मारले की ती कडक होते, तसंच काही असेल. अर्थ बरोबर निघाला, तेव्हा स्वारी आठवडाभर खुशीत होती.

एकच वाक्प्रचार त्यांना पटला नाही. म्येन ली त्सांग जन, म्हणजे कापसात दडवलेली सुई. वरून गोड आणि मनात डंख असलेल्या माणसाला तसं म्हणतात, असं तिने सांगितल्यावर अब्बांचा चेहरा उतरला.

“कापसात सुई कोणी मुद्दाम नाही लपवत, बेटा. राहून जाते. अन् ज्याची राह्यली त्यानं पुन्हा सुई धरू नये.”

त्यांच्या घरचा रिवाजच तसा होता. शिवण संपली की सुई दाराच्या चौकटीवरल्या कापडी गोळ्यात खोचायची आणि उघड्या तळहाताने सगळी गादी दाबून पाहायची. त्याशिवाय माल गिऱ्हाइकाच्या हाती जात नसे.

परीक्षेच्या तयारीसाठी महेजबीन पुण्याला राहायला निघाली तेव्हा त्यांनी तिला नवी रजई शिवून दिली. पुढे फोनवर ते कमी बोलू लागले. लगीनसराई आहे, त्यांना फुरसत नाही, असं तिची अम्मी बिलकिस सांगायची. परीक्षा झाली, नोकरी पक्की झाली. त्या दुपारी ती रजई ओढून आडवी झाली आणि दंडात काहीतरी खुपलं. टाके उसवले, तर आत अब्बांची लांब सुई, कापसातून सरकत वर आलेली. तिला हसू आलं. अब्बांना तोच वाक्प्रचार ऐकवून चिडवावं म्हणून तिने फोन लावला. अम्मीने उचलला, सुईचं नाव ऐकलं आणि ती रडायलाच लागली.

साखरेच्या आजाराने अब्बांची नजर महेजबीन जाण्याआधीच गेल्यात जमा होती. कळलं तर पोरगी जाणार नाही, म्हणून दोघांनी तोंडातून चकार शब्द काढला नव्हता. रजई त्यांनी बोटांच्या अंदाजाने शिवली. मग सुई सापडेना. त्या दिवसांत दिलेल्या गाद्या घरोघर जाऊन त्यांनी उसवायला लावल्या, अम्मीच्या खांद्यावर हात ठेवून. एका घरी गादीवर तान्हं मूल झोपत होतं. त्या घरून आल्यावर त्यांनी दुकान बंद केलं. मुलीच्या रजईचा त्यांना संशयच आला नाही, कारण त्या रजईवरून त्यांनी सगळ्यात जास्त वेळ हात फिरवला होता.

महेजबीन पहिल्या बसने धाडला आली. अब्बा बंद दुकानाच्या पायरीवर बसले होते. सुई माझ्या रजईत निघाली, असं तिने सांगून टाकलं.

“तुले टोचली?”

“नाही, अब्बा.”

“कोण्या लेकराले नाही टोचली,” ते म्हणाले, आणि कित्येक दिवसांनी त्यांचा श्वास मोकळा झाला. “आन इकडं. चौकटीवर लावतो.”

तिने सुई त्यांच्या तळहातावर ठेवून बोटं मिटवली. टोक रुतलं, बोटांच्या फटीतून रक्ताचा थेंब वर आला. अब्बांचा हात जरासुद्धा आखडला नाही. रजईवर इतका फिरलेला हात असा होता तर.

अब्बा तिच्याकडे तोंड करून वाट पाहत होते.

“दे ना, बेटा,” ते म्हणाले.