छाटणाऱ्याचा पहिला शब्द

गच्चीवर बागा करणाऱ्यांच्या गच्चीमंडळात त्यांना सगळे कात्रीकाका म्हणत. आयुष्यभर शिवणकाम केलं, मग मुलाने दुकान मोबाइलवाल्याला भाड्याने दिलं, आणि कात्री कापडावरून झाडांवर आली. थंडी सरत आली की मंडळातल्या घराघरातून बोलावणी यायची. "काका, गुलाबाला तुमचाच हात लागला पाहिजे." काका थोडा भाव खात, गुडघ्यांच्या नावाने खडे फोडत, आणि दुसऱ्या सकाळी मंडळातल्याच औषधवाल्याच्या स्कूटरवर मागे बसून हजर होत.

वर्षातले तेवढेच दिवस त्यांचे. एरवी घरात त्यांना कोणी काही विचारत नसे. सून वाईट नव्हती. वेळेवर ताट वाढायची आणि आपल्या कामाला लागायची. मुलगा फोनवर. भिंतीवरच्या घड्याळाकडे तरी माणसं मान वर करून बघतात, काकांच्या वाट्याला तेवढंही येत नव्हतं.

म्हणून डोळ्यांचं त्यांनी कोणाला सांगितलंच नाही. मोतीबिंदू असता तर काढून मोकळे झाले असते. हा निघाला काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही, एवढं डॉक्टरकडून एकटेच ऐकून आले. हळूहळू उजेड, सावली आणि माणसांचे धूसर आकार उरले. घरात कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण लक्ष होतंच कोणाचं? आणि मंडळात तर ते पहिल्यापासून बोटांनी चाचपूनच छाटायचे. काका डोळे मिटून छाटतात, असं लोक पाहुण्यांना कौतुकाने सांगत. काका ऐकून घेत. कात्री सोडली तर आपल्याला कोण बोलावणार, या भीतीने खरं सांगत नसत.

मंडळातल्या मास्तरीणबाईंच्या गच्चीवर एकच गुलाब होता. त्यांच्या मुलीने शाळेत असताना लावलेला, काळपट लाल, वास जिन्यापर्यंत येणारा. मुलगी पुढे तापात गेली. बाईंनी बाकीच्या कुंड्या वाटून टाकल्या, ही ठेवली.

त्या वर्षी बाईंनी मायेपोटी कुंडीत भरपूर खत-माती घातली होती. कलमाचा सांधा, म्हणजे रानटी खुंटावर चांगल्या गुलाबाचा डोळा जिथे बसवलेला असतो ती गाठ, पार बुडून गेली होती. काकांच्या बोटांना मातीतून वर आलेल्या दोन फांद्या लागल्या. एक जुनी, बारीक, खरखरीत. दुसरी जाडजूड, रसरशीत. जुनं काढायचं, नवं राखायचं, हा त्यांचा नेम. त्यांनी जुनी फांदी बुडातून उडवली. डोळस माणसाने आधी माती उकरून सांधा बघितला असता. काकांनाही उकरावंसं वाटलं होतं. पण बाई शेजारीच उभ्या होत्या, आणि मातीत आंधळ्यासारखं चाचपडताना दिसायला नको म्हणून ते घाईने उठले.

उन्हाळ्यात झाड नुसतं पानांनी भरलं. कळीचा पत्ता नाही. पावसाळ्यात मंडळाची फांद्या-बियांची देवाणघेवाण बाईंच्या गच्चीवर झाली, तोवर झाड कठड्याच्या वर गेलं होतं.

औषधवाला म्हणाला, "काका, पानं जरा निराळी वाटतात हो. बारीक, आणि एका देठाला जास्तच."

"जोम धरला की अशीच येतात," काका फटकन म्हणाले. "तू गोळ्या मोज."

सगळे हसले. काकांच्या शब्दापुढे कोण जाणार? नंतर कोणी बघत नाही असं वाटल्यावर काकांनी देठावरून बोटं फिरवली. काटेही ओळखीचे लागले नाहीत. मनात पाल चुकचुकली. त्यांनी हात खिशात घातला आणि चहा मागितला.

पुढच्या थंडीत बाईंचा निरोप आला, फूल उमललंय. मंडळाचा रिवाज असा की जिथे पहिलं फूल, तिथे सगळ्यांनी चहाला जमायचं, आणि फुलाबद्दल पहिला शब्द छाटणाऱ्याने काढायचा. तोवर कोणी अवाक्षर बोलायचं नाही.

काका कुंडीपुढे वाकले. वास आला नाही. ऊन चढल्यावर वास उडतो, त्यांनी स्वतःची समजूत घातली. मागे सगळे गप्प होते. गप्प तर असायलाच हवे होते.

"वा!" काका मोठ्याने म्हणाले. "तोच लाल. लेकीच्या हातचा."

कोणाचा तरी कप बशीवर वाजला.

"हो," बाई म्हणाल्या. "तोच."

मग चहा झाला, हवापाण्याच्या गप्पा झाल्या, आणि लोक नेहमीपेक्षा लवकर उठले. औषधवाला स्कूटर काढतो म्हणून खाली गेला. काका जिन्याकडे निघाले तेव्हा बाईंनी त्यांचा दंड धरला.

"पायरी आहे," त्या म्हणाल्या. असं त्या आधी कधी म्हणाल्या नव्हत्या.

काका जागच्या जागी थिजले.

"कधीपासून?" बाईंनी विचारलं.

"दोन वर्षं झाली असतील."

"पांढरं आलंय काका. एवढंसं, रानातलं. तुम्हाला माहीत होतं दिसत नाही, तर माझ्या झाडाला हात का लावलात?"

"तुम्ही बोलावलंत," काका म्हणाले. त्यांची त्यांनाच लाज वाटली. "मला दुसरं कोणी बोलवत नाही हो."

बाई रडल्या, आवाज न करता. दंडावरच्या हातातून काकांना ते कळलं. मग बाईंनी विचारलं, "आता काय करू? उपटू?"

हा प्रश्न नेहमीसारखाच होता, मंडळातलं कोणीही काकांना विचारतं तसा. काकांनी खरं ते सांगितलं. "ते फूल परत येणार नाही. खाली आहे तो नुसता खुंट."

"पण तो तिनेच लावला होता ना?"

"हो. मुळं तिच्याच हातची."

बाईंनी त्यांना एकेक पायरी सांगत खाली नेलं.

छाटणीचे दिवस आले. मंडळातून बोलावणं आलं नाही. यंदा आमचं आम्हीच उरकलं, असं सगळे प्रेमाने म्हणाले. काका घरात घड्याळाखाली बसून असतात. औषधवाला अधूनमधून डोकावतो. बाईंनी झाड उपटलं नाही, असं तो सांगतो. रोज पाणी घालतात. थंडीत ते पांढऱ्या फुलांनी नुसतं लगडतं, पण बाई चहाला कोणाला बोलवत नाहीत.