रुमैथियाच्या तळघरातला मूसा

सर्फराज सोलकर बोलताना अडखळायचा. श्रीवर्धनच्या शाळेत 'हजर' म्हणतानाही त्याचा श्वास 'ह'वर अडकून राहायचा आणि वर्ग हसत वाट बघायचा. कुवेतला आल्यावर त्याने त्यावर उपाय काढला, कमी बोलायचं. मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत पाइपांच्या गोंगाटात तसंही हातवाऱ्यांनीच भागायचं. घरी बायको सफिया त्याची वाक्यं पुरी करायची.

एक गोष्ट मात्र तो कुणालाही पुरी करू द्यायचा नाही. अब्बासियातल्या त्यांच्या बिल्डिंगमधली पोरं शुक्रवारी दुपारी त्याच्याकडे जमायची आणि तो त्यांना मूसा पैगंबरांची गोष्ट सांगायचा. नदीत सोडलेली पेटी, राजवाड्यातलं बालपण, हातून झालेला खून, परक्या मुलुखात पळून जाणं, तिथल्या विहिरीवर दोन अनोळखी मुलींच्या मेंढरांना पाणी पाजणं. मग आगीतून आलेली देवाची हाक, की जा, बादशहासमोर उभा राहा आणि माझ्या माणसांना सोडवून आण.

"तेव्हा मूसा काय म्हणाले, म-माहितीये?" सर्फराज विचारायचा. "म्हणाले, माझ्या जिभेला गाठ आहे, ती सोड. आणि माझ्या भ-भावाला सोबत दे."

इथे तो हमखास अडखळायचा, पण पोरं हसायची नाहीत. त्यांना वाटायचं, गोष्ट अशीच सांगायची असते.

शेजारच्या फ्लॅटमधली सुखदा साळवे कधी कधी दारात उभी राहून ऐकायची. ती मूळची जालन्याची, इथल्या एका सरकारी इस्पितळात नर्स होती. लहानपणापासून चर्चमध्ये तिने हीच गोष्ट ऐकली होती. तिच्या गोष्टीत मूसा पैगंबरांचं नाव मोशे होतं आणि त्याला ती अरे-तुरे करायची. सर्फराजला त्याची गंमत वाटायची.

त्या वर्षी जुलैत बिल्डिंगचा एसी बंद पडला. गच्चीवरचं सगळ्यांचं मिळून असलेलं यंत्र जळालं होतं. खालच्या ऑफिसात बसणारा मालकाचा एजंट वाजिद रोज एकच शब्द सांगायचा, "बुकरा." म्हणजे उद्या. खिडकी उघडावी तर भट्टीसारखी झळ आत यायची, बंद ठेवावी तर जीव घुसमटायचा. नळाच्या पाण्याने हात पोळत होते. बायका ओल्या चादरी दारांना बांधत होत्या.

एका दुपारी चौथ्या मजल्यावरच्या कुसुमताई जिन्यात कोसळल्या. त्यांना दमा होता. नवरा दिनकर इस्पितळात एक्स-रे काढायच्या ड्यूटीवर. सुखदाने त्यांना आपल्या मांडीवर घेतलं, सर्फराजने उचलून गाडीत घातलं. डॉक्टरांनी त्यांना ठेवून घेतलं.

संध्याकाळी सगळी बिल्डिंग पार्किंगमध्ये उतरली. तिसऱ्या मजल्यावरचा प्रणय तापला होता. "आता बोलणं बास. वाजिदचं ऑफिस फोडू या. त्याशिवाय तो हलणार नाही."

"आणि पोलीस आले की?" कोणीतरी म्हणालं. "सगळ्यांनाच विमानात बसवून परत धाडतील."

दिनकर थेट इस्पितळातून आला होता. तो सर्फराजकडे वळला. "मालक रुमैथियाला राहतो म्हणे. तू रिफायनरीत लागायच्या आधी रुमैथियातच एका घरी ड्रायव्हर होतास ना? त्या लोकांची रीत तुला ठाऊक आहे, भाषा येते. आपण थेट मालकाकडे जाऊ. तू बोल."

"मी?" सर्फराज मागे सरकला. "दु-दुसरा कोणी बघा. म-मला बोलता येत नाही."

"अगदी हेच मोशेसुद्धा म्हणाला होता, सर्फराजभाई," सुखदा हळूच म्हणाली.

सर्फराजचा चेहरा लाल झाला. दर शुक्रवारी ज्या पोरांना तो हे सांगायचा, तीच आता आईबापांच्या पायांशी उभी राहून त्याच्याकडे बघत होती. त्याने सफियाकडे पाहिलं. एरवी ती लगेच बोलली असती. आज गप्प राहिली.

"जातो," तो म्हणाला. "प-पण एकटा नाही."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो, दिनकर आणि सुखदा रुमैथियाला गेले. मालक अबू मिशारी म्हातारे होते, गुडघ्यांवर हात ठेवून आपल्या दिवानियात, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीत बसले होते. शेजारी त्यांचा मुलगा मिशारी फोनमध्ये बघत होता. कॉफी आली. सर्फराजने कप खाली ठेवला, सलाम केला आणि पहिल्याच शब्दावर अडकला. ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता. मिशारीने वर पाहिलं. दिनकरला ते बघवेना. त्याने घाईघाईने हिंदीत सुरुवात केली, "सर, हमारे बिल्डिंग में..."

म्हाताऱ्याने हात वर करून त्याला थांबवलं. "याला बोलू दे," ते अरबीत म्हणाले. "मला कसली घाई नाही."

मग सर्फराज बोलला. तुटक, थांबत, मध्येच डोळे मिटून. जिन्यात पडलेल्या बाईबद्दल, ओल्या चादरींबद्दल, रात्रभर रडणाऱ्या पोरांबद्दल. आवाज चढवला नाही, की हातही जोडले नाहीत. कुसुमताईंची तब्येत सांगायची वेळ आली तेव्हा त्याने सुखदाकडे पाहिलं. तिने सांगितलं ते त्याने अरबीत केलं.

अबू मिशारींच्या कपाळाला आठ्या पडल्या. वाजिदने त्यांना सांगितलं होतं, किरकोळ बिघाड आहे, दुरुस्त झालाय.

"यंत्र नवीन बसवायला दिवस लागतील," ते म्हणाले. "तोवर त्या उन्हात राहू नका. माझ्या घराखाली मोठा सर्दाब आहे, थंड तळघर. मुलांची लग्नं झाली तेव्हापासून रिकामाच आहे. म्हातारे, आजारी, पोरंबाळं, ज्यांची कुठे सोय नाही ते सगळे इथे या."

परतताना गाडीत दिनकर म्हणाला, "आपण गोष्टीतल्या त्या बादशहाकडे, फॅरोकडे निघालो होतो, सर्फराज. आणि भेटला आसरा देणारा."

सर्फराज नुसता हसला.

असा सगळा लोंढा रुमैथियाच्या त्या तळघरात उतरला. गाद्या, कुकर, पोरांच्या सायकली, कुणाची तुळससुद्धा. पहिल्या रात्री सगळे मेल्यासारखे झोपले. दुसऱ्या दिवसापासून कुरकुर सुरू झाली. बाथरूमला रांग. मासे तळले की काहींच्या नाकाला रुमाल. खुबूसची रोटी आणि डाळ रोज रोज किती खायची? कंपन्यांच्या बस इकडे येत नव्हत्या, पहाटे उठून अब्बासियाला जावं लागायचं. "घरी निदान आपलं स्वयंपाकघर होतं," असं एक बाई म्हणाली, जिच्या घरी उकाड्याने आठवडाभर कोणी झोपलं नव्हतं.

प्रत्येक भांडण सर्फराजकडे यायचं. त्याने रजा घेतली होती. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तो जिन्याच्या खालच्या पायरीवर बसलेला असे आणि लोक त्याच्यासमोर उभे. सफिया जेवणाचं ताट आणून ठेवायची, ते गार व्हायचं.

चौथ्या दिवशी सुखदा ड्यूटीवरून आली आणि त्याच्याकडे बघून थांबली. "सर्फराजभाई, मोशेच्या सासऱ्याने त्याला काय सांगितलं, ते तुमच्या गोष्टीत आहे का?"

"सासरे आहेत. मेंढरं राखायला ठेवलं, म-मुलगी दिली. सांगितलं काय?"

"वाळवंटात तो जावयाला भेटायला आला. बघतो तर मोशे दिवसभर बसलेला, लोक रांगेत, सगळे निवाडे एकट्याने. सासरा म्हणाला, हे बरं नाही. तू थकशील आणि तुझी माणसंही थकतील. चांगली माणसं निवड, लहानसहान त्यांना सोडवू दे. अवघड तेवढं तू बघ."

"मग? मूसांनी ऐ-ऐकलं?"

"ऐकलं की. एवढा मोठा माणूस, देवाशी बोलणारा. पण सासऱ्याचं ऐकलं."

सर्फराज विचारात पडला. ही गोष्ट त्याला माहीत असलेल्या मूसांना इतकी शोभत होती, की आपल्याला ती आजवर कोणी कशी सांगितली नाही, याचंच त्याला नवल वाटलं. संध्याकाळी त्याने चूल एका बाईकडे, बाथरूम दुसऱ्याकडे आणि पहाटेच्या गाड्या दिनकरकडे सोपवल्या. त्या रात्री तो गरम जेवला.

अवघड ते दुसऱ्याच दिवशी समोर आलं. प्रणयने घाईत आपली गाडी फाटकात आडवी लावली. मिशारीने हटकलं, तसा प्रणय त्याच्या अंगावर ओरडला. इतक्या दिवसांची झोपमोड, उशिरामुळे कामावर झालेला अपमान, सगळं बाहेर आलं. मिशारी रागाने पांढराफटक पडला. त्याने सर्फराजला बोलावलं. "हा माणूस आत्ता इथून निघेल. बाकीचे राहू देत."

प्रणयची बायको मुलीला पोटाशी धरून उभी होती. आदल्याच दिवशी याच प्रणयने सगळ्यांदेखत सर्फराजला ऐकवलं होतं, "तूच आणलंस आम्हाला या भुयारात."

"त्याचं चु-चुकलं," सर्फराज अरबीत म्हणाला. "मी त्याच्या वतीने माफी मागतो. पण तो गेला, तर म-मीही जाईन. यांना मी आणलंय. एकाला उन्हात टाकून मला थंडीत झोप येणार नाही."

मिशारी त्याच्याकडे बघत राहिला. मग आत निघून गेला. पुन्हा त्याने तो विषय काढला नाही. प्रणयने गाडी बाजूला घेतली, किती तरी वेळ स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसला आणि मग जाऊन मिशारीच्या दारावर टकटक केली.

सुखदाने हे सगळं जिन्यातून पाहिलं. रात्री ती सफियाला म्हणाली, "मोशेनेही असंच केलं होतं. लोकांनी एवढं छळलं, तरी देवाला म्हणाला, त्यांना माफ कर, नाही तर माझंही नाव पुसून टाक. मला वाटायचं, असं खरं कोणी म्हणत नसेल."

सफियाच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी यांची वाक्यं पुरी करत आले इतकी वर्षं," ती म्हणाली. "हे मला कुठे सुचलं असतं?"

यंत्र बसलं. वाजिदच्या जागी दुसरा माणूस आला. कुसुमताईंना घरी सोडलं. शेवटच्या संध्याकाळी सामान बांधून झाल्यावर पोरांनी गोष्ट मागितली. सर्फराज सुरू झाला. 'मूसा' हे नाव कानावर पडलं तसे अबू मिशारी काठी टेकत जिना उतरून आले आणि पायरीवर बसले. सर्फराज एक वाक्य मराठीत सांगायचा, एक अरबीत. दोन्हीकडे अडखळायचा. म्हातारे मान डोलवत होते.

शेवटचा भाग त्याने सुखदाला सांगायला लावला. चाळीस वर्षं माणसांना चालवत आणल्यावर मोशे एका डोंगरावर चढला. समोर तो सगळा हिरवा मुलूख पसरला होता. पण आत जायचं त्याच्या वाट्याला नव्हतं. बाकीचे गेले.

"दॅट्स नॉट फेअर!" प्रणयची मुलगी रसिका ओरडली.

"काय म्हणते?" अबू मिशारींनी विचारलं. सर्फराजने सांगितलं.

म्हातारे हसले. "मीही तिच्याएवढा असताना वडिलांशी यावरून भांडलो होतो. तेव्हा त्यांनी मला सांगितलं, मूसांनी शेवटी एवढंच मागितलं, की मला त्या भूमीच्या जवळ ने, दगड फेकला तर पोहोचेल इतक्या जवळ. आणि ते त्यांना मिळालं."

सर्फराजने ते पोरांना मराठीत सांगितलं. रसिकाचं समाधान झालं नव्हतं. ती सुखदाकडे वळली.

"पण त्याला सगळं दिसलं ना? नीट?"

"दिसलं," सुखदा म्हणाली. "खूप म्हातारा झाला होता, पण डोळे शेवटपर्यंत चांगले होते."

"मग चालेल," रसिका म्हणाली. तिने उठून आपली उशी उचलली आणि वर गाडीकडे निघाली.