बजाजीचा वंशज

"रक्त! रक्त आलं!"

एग्मोरच्या कल्याणमंडपात एकच कल्लोळ उठला. फितुराच्या वंशजानं धरली की त्याच्या हाताला रक्त येतं, असं सांगून वीरबाबानं आपली तलवार सगळ्यांना पाळीपाळीनं धरायला लावली होती. भीमसेनरावांनी तलवारीची मूठ सोडून तळहात उघडला, तर तो लालभडक! समोर वीरबाबा घुमत होता. कपाळापासून बेंबीपर्यंत हळद फासलेली, डोळे गरागरा फिरताहेत. तंजावरच्या किल्ल्यात पडलेला सरदार रायाजी म्हणे याच्या अंगात येतो! सरदाराला अंगात यायला माइक लागतो नि पंखाही लागतो, ते सोडा.

"माझ्या चुलत भावानं, बजाजीनं, दिंडी दरवाजा उघडला!" बाबा गरजला. "शत्रू आत घेतला! हा त्या हरामखोराचा वंशज. तोडा तो हात! तरच तुमच्या पोरींची लग्नं जमतील, धंदे चालतील!"

झालं! ज्यांच्या पोरांच्या नोकऱ्यांसाठी भीमसेनरावांनी जोडे झिजवले, तेच त्यांच्यावर तुटून पडले. त्यांतल्याच एका पोरानं, कृष्णकांतनं, पहिली काठी घातली. दुसरी कोपरावर बसली आणि हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. "पोदुम रे, पुरे!" म्हातारे भीमसेनराव ओरडले. आता मात्र त्यांच्या तोंडातून खरंच रक्त येत होतं. कुणीतरी स्वयंपाकघरातून नारळ सोलायचा कोयता आणला. चौघांनी त्यांचा हात पायरीवर दाबून धरला.

मागच्या रांगेतून विद्यालक्ष्मी ताडकन उठली. नुंगंबाक्कमच्या एका कॉलेजात ती इतिहास शिकवायची, आणि रायाजीवर कादंबरी लिहिली होती ती तिनंच. मोडी कागद वाचायला तिला याच भीमसेनमामांनी शिकवलं होतं. 'मामांचा हात!' एवढंच तिच्या डोक्यात राहिलं. गर्दीत घुसताना खांद्यावर काठी बसली, कुणी केस ओढले. तिनं पर्वा केली नाही. प्रत्येकाच्या आधी बाबाचा चेला ओल्या फडक्यानं तलवारीची मूठ पुसत होता. मामांच्या वेळी त्यानं फडकं बदललेलं तिनं पाहिलं होतं. ते बदललेलं फडकंच तिनं त्याच्या हातातून हिसकावलं आणि बाबाच्या छातीवर खसकन ओढलं.

हळदीवर लाल पट्टा उमटला.

"बघा! बाबासुद्धा बजाजीचाच वंशज! घाला कोयता!" ती ओरडली.

कोयता उचललेला तसाच राहिला.

"चुना आहे हा, चुन्याचं पाणी!" ती किंचाळली. "नवी सून दारात आली की हळदीत चुना कालवून ओवाळायला आरत्तीचं लाल पाणी कोण करतं? तुमच्याच घरी करतात ना? आत येताना मंडपाच्या दारात सगळ्यांच्या हाताला हळद यांनीच लावली. तुमच्या वेळी फडक्याला साधं पाणी, मामांच्या वेळी चुन्याचं! या बाबाला मंडप देऊ नका म्हणून एकटे मामाच भांडले होते, विसरलात?"

"पण अक्का," कृष्णकांत चाचरला, "बजाजीनं दार उघडलं, ते तुझ्याच पुस्तकात छापलंय की!"

"अय्यो, बजाजी नव्हताच रे! दार कुणी उघडलं, त्याचा कागदच सापडला नाही. मामांनी नि मी शोध शोध शोधला. शेवटी मी एक माणूस रचला, आणि पुस्तकाच्या अखेरीस तसं स्पष्ट लिहिलं. या ढोंगी सामींनी तेवढं पान वाचलेलं दिसत नाही! मी रचलेला भाऊ या रायाजीला भेटला कुठं, विचारा की!"

बाबा मागच्या दाराकडे सरकला. त्याचा तो सरदारी थाट कुठल्या कुठे पळाला. "अम्मा, पोलीस नको," तो पुटपुटला. लोकांनी त्याला खाली पाडलं, लाथा घातल्या, नाक फोडलं. आता कोयता त्याच्यावर उगारला गेला.

"अजून पोट भरलं नाही तुमचं?" विद्यालक्ष्मी मध्ये आडवी पडली. "सोडा त्याला! पोलीस बघतील!"

पोलिसांनी बाबाला नेलं. मामांचा जीव वाचला. कोपर मात्र कायमचं आखडलं; त्या हातानं आता घाससुद्धा तोंडात जात नाही. इस्पितळाच्या व्हरांड्यात कृष्णकांत लहान पोरासारखा रडत होता.

"सगळेच मारत होते, अक्का. मला काय ठाऊक?"

"ठाऊक नव्हतं तर मारलंस कशाला?" तिचा संताप अजून शमला नव्हता. "कादंबरीत मी शंभर मुडदे पाडीन, ते कागदाचे. मामांचा हात खरा होता रे! अंगात आलेला बोलो नाहीतर मी लिहो, आधी विचारायचं, हे कशावरून? आणि उत्तर मिळेपर्यंत काठी खाली ठेवायची."